दिलेली रक्कम कर्ज होती का? परतफेडीच्या वादांची कायदेशीर बाजू

१. प्रस्तावना

पैशांच्या देवघेवीवरून होणाऱ्या दिवाणी दाव्यांतला एक प्रकार वरवर अगदी सोपा दिसतो. वादी म्हणतो, 'मी पैसे दिले होते, ते परत मिळावेत.' प्रतिवादी म्हणतो, 'पैसे मिळाले हे खरे, पण ते परत करायचे नव्हते.' रक्कम, तारीख, खाते यांबद्दल दोघांत काहीच वाद नसतो. बँकेचा उतारा दोघांनाही मान्य असतो. तरीही असे दावे वर्षानुवर्षे चालतात आणि पुष्कळदा पैसे देणाराच हरतो.

याचे कारण उताऱ्यातच आहे. पैसा कोणाकडून कोणाकडे गेला, कधी गेला, किती गेला हे उतारा सांगतो. तो कशासाठी गेला हे सांगत नाही. कर्जाचे एक लाख आणि बक्षिसाचे एक लाख खात्यात सारखेच दिसतात. दोन्हींतला फरक पैशात नसतो. पैसे देताना दोघांत जे ठरले त्यात असतो. म्हणून न्यायालयापुढचा खरा प्रश्न असा : रक्कम हातात पडली त्या वेळी ती परत करण्याचे बंधन घेणाऱ्यावर आले होते का? नंतर नाती बिघडली, देणाऱ्याला गरज पडली किंवा घेणारा श्रीमंत झाला, यांपैकी कशानेही या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही.

या पाठात आपण चार गोष्टी पाहणार आहोत : रक्कम देण्याचे निरनिराळे प्रकार, पुराव्याचा भार, न्यायालय कोणत्या खुणा तपासते, आणि मुदतीचा कायदा. यांतली शेवटची गोष्ट विद्यार्थी सहसा दुय्यम मानतात. प्रत्यक्षात खरे कर्जही तिच्यामुळे बुडू शकते.

समजायला सोपे जावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भाच्याला दुकान टाकायचे आहे. मामा १० जून २०२१ रोजी त्याच्या खात्यात ४ लाख रुपये पाठवतात. कागद काहीच होत नाही. घरचाच माणूस, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचे, असे मामांना वाटते. पुढे मामा पैसे मागतात तेव्हा भाचा म्हणतो, 'मामा, तुम्ही ते मदत म्हणून दिले होते.' आता कायदा काय म्हणतो?

२. एकच रक्कम, अनेक अर्थ

एका व्यक्तीने दुसरीला दिलेल्या पैशाला कायद्याच्या दृष्टीने पुढीलपैकी कोणतेही रूप असू शकते.

कर्ज किंवा हातउसने : यात पैशाची मालकी घेणाऱ्याकडे जाते आणि तेवढीच रक्कम परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. त्याच नोटा परत करायच्या नसतात. व्याज असलेच पाहिजे असे नाही. बिनव्याजी दिलेले हातउसने पैसेही कर्जच असतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार कर्जाचा करार तोंडी झाला तरी वैध ठरतो. तोंडी कराराची अडचण वैधतेची नसते, पुराव्याची असते.

बक्षीस : मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२२ नुसार बक्षीस स्वेच्छेने, मोबदल्याशिवाय दिलेले आणि घेणाऱ्याने स्वीकारलेले असावे लागते. जंगम वस्तूचे बक्षीस नुसता ताबा देऊनही पूर्ण होते, नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतेच असे नाही (कलम १२३). असे पूर्ण झालेले बक्षीस 'मला मोबदला मिळाला नव्हता' एवढ्या कारणावरून परत मागता येत नाही. करार अधिनियमाच्या कलम २५ चे पहिले स्पष्टीकरण हेच सांगते.

ठेव : परतफेडीचे बंधन यातही असते, पण घेणाऱ्याने देणाऱ्याला शोधत जाऊन पैसे द्यावेत अशी अपेक्षा नसते. मागणी येईपर्यंत त्याने ते सांभाळायचे असतात. प्रिव्ही कौन्सिलने मोहम्मद अकबर खान विरुद्ध अत्तर सिंग (१९३६) या निकालात हा फरक सांगितला. राम जानकी देवी विरुद्ध जुग्गीलाल कमलापत (१९७१) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ठेव ही निव्वळ कर्जाहून काही अधिक असते आणि एखादा व्यवहार ठेव आहे की नाही हे त्याच्या वस्तुस्थितीवरून ठरते. हा फरक मुदतीच्या हिशेबात किती महत्त्वाचा ठरतो ते पुढे पाहू.

आगाऊ रक्कम आणि विसार : माल, घर किंवा सेवेच्या किमतीपोटी आधी दिलेले पैसे. व्यवहार पुरा झाला तर ते किमतीत वळते होतात. व्यवहार फिसकटला तर परतीचा प्रश्न मूळ खरेदीच्या करारावरून सोडवावा लागतो. खरेदीदाराने करार मोडला तर विसाराची रक्कम जप्त होऊ शकते. कर्जाच्या बाबतीत असे काही नसते.

भांडवल : धंद्यात भागीदार म्हणून किंवा शेअर घेण्यासाठी घातलेले पैसे. यात नफ्याबरोबर तोट्याचाही वाटा येतो. धंदा बुडाल्यावर भांडवलाला कर्ज म्हणायचे आणि धंदा चालल्यावर कर्जाला भांडवल म्हणायचे, असा मोह दोन्ही बाजूंना होतो.

जुन्या देण्याची फेड : वादी ज्याला कर्ज म्हणतो ती त्याने स्वतःच पूर्वी घेतलेल्या पैशांची परतफेड होती, असा बचाव अनेक दाव्यांत घेतला जातो.

ही यादी लक्षात ठेवण्याचे कारण असे की 'पैसे दिले' एवढे सिद्ध केल्याने यांपैकी कोणताही एक प्रकार आपोआप सिद्ध होत नाही.

३. पुराव्याचा भार कोणावर?

१ जुलै २०२४ पासून भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. जुनी कलमे १०१ ते १०३ आता १०४ ते १०६ झाली आहेत. तत्त्व तेच आहे. कलम १०४ नुसार, एखाद्या वस्तुस्थितीच्या आधारावर जो न्यायालयाकडून हक्काचा निर्णय मागतो, त्याने ती वस्तुस्थिती सिद्ध करायची. कलम १०५ नुसार, दोन्ही बाजूंनी काहीच पुरावा दिला नाही तर जो हरेल त्याच्यावर भार असतो.

आपल्या उदाहरणात मामा म्हणतात की ते कर्ज होते. तेव्हा पैसे दिले गेले एवढेच नव्हे, तर ते परत करायचे ठरले होते हेही मामांनीच दाखवायला हवे. भाचा पैसे मिळाल्याचे कबूल करतो, पण परतीचे बंधन नाकारतो. ही कबुली अर्धीच आहे.

आता कलम १०५ खालचे एक उदाहरण पाहा. वादी कर्जरोख्यावरून पैसे मागतो. प्रतिवादी रोखा आपणच करून दिल्याचे मान्य करतो, पण तो फसवून घेतला असे म्हणतो. कोणीच पुरावा दिला नाही तर वादी जिंकेल, कारण रोख्याबद्दल वाद नाही आणि फसवणूक सिद्ध झालेली नाही. म्हणून येथे भार प्रतिवादीवर आहे. दोन्ही उदाहरणांतला फरक एका कागदाचा आहे. रोख्यात परतीचे वचन लिहिलेले असते, बँकेच्या उताऱ्यात ते नसते.

याबाबत इतर देशांत वेगळा विचारही झाला आहे. सेल्डन विरुद्ध डेव्हिडसन (१९६८) या खटल्यात प्रतिवादीने पैसे मिळाल्याचे कबूल करून ते बक्षीस असल्याचा पवित्रा घेतला होता. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने बक्षीस सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच टाकला. तेथील कायद्यात याच्या उलट दिशेचेही एक गृहीत आहे : वडिलांनी मुलासाठी पैसा खर्च केला तर तो मुलाला देऊन टाकण्यासाठीच केला, असे प्रथमदर्शनी धरले जाते. प्रिव्ही कौन्सिलने १८५४ साली गोपीकृष्ण गोसाईं यांच्या प्रकरणात हे गृहीत भारतातील कुटुंबांना लावण्यास नकार दिला. त्यामुळे आपल्याकडे 'नात्यातला पैसा म्हणजे बक्षीस' असे गृहीत नाही आणि 'मिळालेला पैसा म्हणजे कर्ज' असेही नाही. जो जे म्हणतो ते त्याने दाखवायचे.

येथे दोन संकल्पना वेगळ्या ठेवाव्यात. दावा सिद्ध करण्याचा मूळ भार शेवटपर्यंत वादीवरच राहतो. पुरावा पुढे आणण्याची पाळी मात्र सुनावणीत इकडून तिकडे जात राहते. वादीने कर्जाकडे बोट दाखवणारा ठीकठाक पुरावा दिला की स्पष्टीकरण देण्याची पाळी प्रतिवादीची येते. दिवाणी दाव्यात निर्णय संभाव्यतेच्या पारड्यावर होतो. 'निःसंशय' ही कसोटी फौजदारी आरोप सिद्ध करण्यासाठी असते.

४. न्यायालय कोणत्या खुणा पाहते?

मनातला हेतू दिसत नाही, म्हणून न्यायालय त्याच्या बाहेर उमटलेल्या खुणा पाहते.

(अ) त्या वेळचे लिखाण : वचनचिठ्ठी, सहीची पावती, साधे पत्र, मोबाइलवरचा संदेश यांचे वजन सर्वांत जास्त असते. वाद सुरू होण्यापूर्वीचा शब्द नंतरच्या शपथपत्रापेक्षा अधिक विश्वासार्ह मानला जातो. भाच्याचे दोन संभाव्य संदेश शेजारी ठेवून पाहू. 'मामा, तुमचे उपकार कधी विसरणार नाही.' 'मामा, दुकान मार्गी लागलं की तुमचे पैसे परत करतो.' पहिल्यात कृतज्ञता आहे. बक्षीस घेणाराही हेच लिहील. दुसऱ्यात परतीचे बंधन मान्य केले आहे.

मोबाइलवरचे संदेश इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधले प्रमाणपत्र लागते. मूळ उपकरणच न्यायालयात सादर करून सिद्ध केले नाही, तर असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जालन्याच्या विधानसभा निवडणुकीसंबंधीच्या प्रकरणात (अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल) जुन्या कायद्याच्या संदर्भात सांगितले होते.

(आ) हिशेबाच्या वह्या : रोजकीर्द-खतावणीतल्या नियमित नोंदी पुराव्यात येतात, पण केवळ त्यांच्या बळावर कोणावरही देणे लादता येत नाही. जुन्या कायद्याचे कलम ३४ आणि नव्याचे कलम २८ हेच सांगते. आपली वही आपणच लिहितो, म्हणून ही खबरदारी आहे. हा नियम बँकांनाही लागू पडतो. चंद्रधर गोस्वामी विरुद्ध गौहाटी बँक (१९६७) या प्रकरणात कर्जदाराने एक रक्कम मिळाल्याचेच नाकारले होते. बँकेने खात्याच्या उताऱ्यापलीकडे पुरावा दिला नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने तो अपुरा ठरवला.

(इ) नंतरचे वागणे : व्याज दिले गेले का? अधूनमधून हप्ते परत आले का? देणाऱ्याने कधी मागणी केली का, आणि त्यावर घेणारा काय म्हणाला? 'पुढच्या महिन्यात देतो' हे उत्तर बक्षीस घेणारा देत नाही. उलट, वर्षानुवर्षे एकदाही मागणी झाली नाही आणि भांडण झाल्यावर अचानक नोटीस आली, तर वादीच्या कथनाबद्दल शंका निर्माण होते.

(ई) करविवरण आणि ताळेबंद : घेणाऱ्याने स्वतःच्या ताळेबंदात ती रक्कम 'देणे' म्हणून दाखवली असेल तर 'ते बक्षीस होते' हे त्याचे म्हणणे टिकणे अवघड असते. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ५६ नुसार, कायद्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या व्यक्तींकडून, उदाहरणार्थ मित्राकडून, वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम मोबदल्याशिवाय मिळाली तर ती करपात्र होते. न्यायालयात मित्राच्या पैशाला बक्षीस म्हणणाऱ्याने ते विवरणात दाखवले होते का, हा प्रश्न उलटतपासणीत हमखास येतो. (मामा 'नातेवाईक' या व्याख्येत बसतात, त्यामुळे आपल्या भाच्याला हा प्रश्न लागू पडत नाही.)

(उ) देण्याची ऐपत : मोठी रक्कम रोख दिल्याचा दावा असेल तर ती वादीकडे आली कोठून, हे विचारले जाते.

यांपैकी एकही खूण एकटी निर्णायक नसते. सगळ्या मिळून कोणते कथन अधिक संभवनीय वाटते, हे पाहिले जाते.

५. धनादेश असेल तर चित्र बदलते

परतफेडीपोटी घेणाऱ्याने धनादेश किंवा वचनचिठ्ठी दिली असेल तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ वादीच्या मदतीला येतो. कलम ११८ नुसार असा दस्त मोबदल्यासाठीच दिला गेला असे गृहीत धरले जाते. धनादेश न वटल्याच्या कलम १३८ खालील खटल्यात, तो कर्ज किंवा अन्य देणे फेडण्यासाठीच दिला होता, असे गृहीत कलम १३९ घालून देते. भाच्याने मामांना ४ लाखांचा धनादेश दिला असता तर तो का दिला हे सांगण्याची पाळी त्याच्यावरच आली असती.

हे गृहीत खंडनीय आहे. रंगप्पा विरुद्ध श्री मोहन (२०१०) हे ४५,००० रुपयांच्या हातउसन्या रकमेचे प्रकरण. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कलम १३९ चे गृहीत कायदेशीर देण्याच्या अस्तित्वालाही लागू होते. मात्र ते खोडण्यासाठी आरोपीला संभाव्यतेची कसोटी पुरेशी आहे आणि तक्रारदाराच्याच पुराव्यातून त्याला आपला बचाव उभा करता येतो. २०१९ साली कर्नाटकातल्या एका प्रकरणात (बसलिंगप्पा विरुद्ध मुदिबसप्पा) आरोपीने तक्रारदाराच्या ऐपतीवर प्रश्न उपस्थित केला, तक्रारदाराला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही आणि आरोपी सुटला.

याउलट, २०२५ साली गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात ६ लाख रुपयांच्या मैत्रीतल्या कर्जाचा वाद होता. तक्रारदाराला बँकेकडून कर्ज मिळावे म्हणून आपण सही केलेला कोरा धनादेश दिला, असा आरोपीचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाला तो पटला नाही. नुसते 'माझ्यावर देणे नाही' म्हणणे पुरत नाही. बचावही संभवनीय असावा लागतो.

६. रोखीचे कर्ज आणि प्राप्तिकर

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम २६९-एसएस नुसार २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज वा ठेव रोख स्वीकारता येत नाही. मोडल्यास कलम २७१-डी खाली घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. (१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा नवा कायदा लागू होतो. त्याआधीच्या व्यवहारांचा विचार जुन्या कायद्यानुसारच होतो.) या तरतुदीवरून एक बचाव पुढे आला : रोख कर्ज बेकायदा, म्हणून ते वसूल करता येत नाही. उच्च न्यायालयांत यावर मतभेद झाले. वर उल्लेखलेल्या २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. कलम मोडले तर दंड होईल, पण त्याने व्यवहार रद्दबातल होत नाही. एक गोष्ट लक्षात घ्या : हे बंधन घेणाऱ्यावर आहे. बचाव मान्य झाला असता तर स्वतःच्याच नियमभंगाचा फायदा घेणाऱ्याला मिळाला असता.

सावकारीच्या कायद्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ सारख्या राज्य कायद्यांनुसार विनापरवाना सावकाराला न्यायालयातून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. पण ओळखीच्या माणसाला एखाद्या वेळी दिलेले कर्ज म्हणजे सावकारीचा धंदा नव्हे. धंदा म्हणण्यासाठी व्यवहारात सातत्य आणि पुनरावृत्ती असावी लागते.

७. मुदत : खरे कर्ज कसे बुडते

मुदत अधिनियम, १९६३ च्या परिशिष्टातले पुढील चार अनुच्छेद एकत्र वाचावेत. चारही बाबतींत मुदत तीन वर्षांचीच आहे. ती कधी सुरू होते, एवढाच फरक आहे.

अनुच्छेद १९ (साधे कर्ज) : कर्ज दिल्याच्या दिवसापासून.
अनुच्छेद २० (धनादेशाने दिलेले कर्ज) : धनादेश वटल्याच्या दिवसापासून.
अनुच्छेद २१ (मागताच परत करायचे कर्ज) : कर्ज दिल्याच्या दिवसापासून.
अनुच्छेद २२ (मागताच परत करायची ठेव) : मागणी केल्याच्या दिवसापासून.

अनुच्छेद २१ नीट वाचा. 'मी मागेन तेव्हा दे' असे ठरले असले तरी तीन वर्षे मागितल्यापासून मोजत नाहीत, दिल्यापासून मोजतात. बहुतेक लोक याच्या उलट समजतात.

मामांनी पैसे १० जून २०२१ रोजी दिले. परतीची तारीख ठरली नव्हती. दावा तीन वर्षांच्या मुदतीत दाखल व्हायला हवा होता. भाच्याला त्रास नको म्हणून मामा चार वर्षे थांबले असतील आणि त्यांनी २०२५ च्या जूनमध्ये दावा केला असेल, तर ते कर्ज होते हे पूर्णपणे सिद्ध होऊनही दावा फेटाळला जाईल. तीच रक्कम ठेव ठरली, तर मुदत मागणीपासून सुरू होईल आणि दावा टिकू शकेल. परतीची निश्चित तारीख आधीच ठरली असेल, तर ती तारीख उलटल्यावर मुदत सुरू होते. म्हणून 'कर्ज की ठेव' आणि 'तारीख ठरली होती का' या प्रश्नांवर कधी कधी सगळी रक्कम अवलंबून असते.

संपत आलेली मुदत वाढवण्याचे मार्ग कायद्यातच आहेत. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते (मुदत अधिनियम, कलम १८). मुदतीत काही रक्कम फेडली आणि त्या फेडीची नोंद ऋणकोच्या अक्षरात किंवा सहीनिशी असली तरीही तसेच होते (कलम १९). मुदत संपल्यानंतर कबुली पुरत नाही, पैसे देण्याचे नवे वचन लागते. करार अधिनियमाच्या कलम २५(३) नुसार मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी, सही केलेले वचन मोबदल्याशिवायही बंधनकारक असते. तोंडी 'देतो की' म्हणण्याने यांपैकी काहीच साधत नाही.

८. कंपन्यांच्या व्यवहारांत हाच प्रश्न

कंपनी दिवाळखोरीत गेली की तिला पैसे देणारा प्रत्येक जण आपण कोणत्या रांगेत आहोत हे पाहतो. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ५(८) मध्ये 'वित्तीय ऋणा'ची व्याख्या आहे. पैशाच्या कालमूल्याच्या मोबदल्यात रक्कम दिलेली असणे हे तिचे सार आहे. वित्तीय धनकोला धनको समितीत मत मिळते, म्हणून हे लेबल महत्त्वाचे.

ओरेटर मार्केटिंग विरुद्ध सॅमटेक्स डिझाइन्झ (२०२१) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळत्या भांडवलासाठी दिलेले बिनव्याजी मुदत कर्जही वित्तीय ऋण असल्याचे सांगितले. कन्सॉलिडेटेड कन्स्ट्रक्शन विरुद्ध हिट्रो एनर्जी (२०२२) मध्ये माल किंवा सेवेसाठी दिलेली आगाऊ रक्कम 'परिचालन ऋणा'त धरली गेली. ग्लोबल क्रेडिट कॅपिटल विरुद्ध सच मार्केटिंग (२०२४) मध्ये करारात 'सुरक्षा अनामत' म्हटलेल्या आणि २१ टक्के व्याज असलेल्या रकमेला न्यायालयाने वित्तीय ऋण मानले. कागदावरच्या नावापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप पाहावे, हे सूत्र घरातल्या व्यवहारांपासून कंपन्यांपर्यंत सारखेच लागू पडते.

९. कर्ज सिद्ध झाले नाही तर?

कर्जाचा करार सिद्ध झाला नाही म्हणून प्रत्येक वेळी सगळे दरवाजे बंद होतात असे नाही. करार अधिनियमात तीन पर्यायी आधार आहेत. करार रद्दबातल असल्याचे उघडकीस आले तर मिळालेला लाभ परत करावा लागतो (कलम ६५). फुकट देण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे दिलेला लाभ दुसऱ्याने उपभोगला तर त्याची भरपाई मागता येते (कलम ७०). चुकून किंवा जबरदस्तीमुळे दिलेले पैसे परत मागता येतात (कलम ७२). चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम हे याचे नेहमीचे उदाहरण. मात्र हे आधार दाव्यात पर्यायाने मांडलेले असावेत. आणि रक्कम बक्षीस होती असा निष्कर्ष निघाला तर कलम ७० ही उपयोगी पडत नाही, कारण फुकट देण्याचा हेतू सिद्ध झालेला असतो.

पोलिसांत तक्रार हा वसुलीचा मार्ग नव्हे. कर्ज न फेडणे एवढ्यानेच फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच बुडवण्याचा अप्रामाणिक हेतू होता हे दाखवावे लागते.

१०. सारांश

पैसे दिल्याचा पुरावा हा कर्जाचा पुरावा नसतो. परतीचे बंधन देणाऱ्याने सिद्ध करायचे असते. नात्यातले कर्ज आणि नात्यातली मदत या दोन्ही गोष्टी कायद्याला मान्य आहेत, पण त्यांतले काय घडले हे कायदा अंदाजाने ठरवत नाही. जवळच्या माणसाकडून लिहून घेणे अविश्वासाचे वाटते. पण पैसे पाठवतानाच 'हातउसने, अमुक तारखेपर्यंत परत' एवढा संदेश आणि त्यावर 'हो' असे उत्तर असले, तर व्यवहाराचे स्वरूप आणि मुदतीची सुरुवात दोन्ही स्पष्ट राहतात. तीन वर्षे भरण्यापूर्वी सहीची लेखी कबुली घेतली तर हक्कही जिवंत राहतो. रक्कम खरोखरच मदत असेल, तर तेही लिहून ठेवणे घेणाऱ्याच्या हिताचे असते. देणाऱ्याच्या पश्चात त्याचे वारस ती मागू शकतात.

स्वाध्याय

१. 'पैसे मिळाले, पण ते बक्षीस होते' या कबुलीमुळे वादीवरचा पुराव्याचा भार संपतो का? भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलमांच्या आधारे चर्चा करा.
२. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद २१ आणि २२ मधला फरक स्वतःचे उदाहरण घेऊन, तारखांसह स्पष्ट करा.
३. एका मैत्रिणीने दुसरीला ३ लाख रुपये ऑनलाइन पाठवले. दुसरी म्हणते, ते आम्ही दोघींनी काढलेल्या खाणावळीतले तिचे भांडवल होते. दोन्ही बाजूंनी कोणता पुरावा मांडता येईल याची यादी करा.
४. रोख कर्जाविषयीचे प्राप्तिकराचे बंधन मोडल्यावर ते कर्ज वसूल करता येऊ नये का? दोन्ही बाजूंचे युक्तिवाद लिहा.